गच्चीवरची बाळंतीण

आमच्या बिल्डिंगची सेक्रेटरी मी झाले, ती मीटिंगला उशिरा पोचल्यामुळे. ऑफिस सुटल्यावर कोथिंबीर आणि पाव घेऊन मी लालबागला पोचले तेव्हा तळमजल्यावरच्या मास्तरांच्या दारात सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस आहे, म्हणून कोथिंबिरीची जुडी काखेत धरून मीही वाजवल्या. मास्तर म्हणाले, "म्हणजे संमती आहे." अशी माझी बिनविरोध निवड झाली.

निवड झाल्या झाल्या पहिलं काम गळ्यात पडलं ते चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या छताचं. काकू एकट्या राहतात. दीड खोली, बाहेर गॅलरीत दोन तुळशी, आणि बरोबर डोक्यावर गच्चीतली जुनी सिमेंटची टाकी. ती वापरात नव्हतीच, पण पावसाचं पाणी तिच्यात साठायचं आणि तळाच्या भेगेतून काकूंच्या पलंगावर उतरायचं. पावसाळाभर काकू पलंगावर पातेलं ठेवून स्वतः खाली झोपायच्या. इतकी वर्षं त्यांनी कधी तक्रार केली नाही. या वर्षी केली, कारण लेकीला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडे प्रश्नच नसतो, आणि तारीख जूनमधली होती.

"अगं, माझं राहू दे," काकू मला म्हणाल्या, "मी म्हातारी, भिजले तर वाळेन. बाळाच्या अंगावर ओल नको एवढंच."

ते 'एवढंच' मला चांगलंच लागलं. एप्रिलमध्ये टाकी फोडायची, गच्चीवर नवा कोबा घालायचा, मेअखेर काकूंची खोली कोरडी ठणठणीत करून द्यायची, असं मी भर मीटिंगमध्ये छातीठोक सांगितलं. मिस्त्री ठरवला. सेक्रेटरीपण आपल्याला जमतंय असं मला वाटू लागलं होतं.

फेब्रुवारीत माझ्या सासूबाई गच्चीवर जाऊन आल्या. मसाल्याच्या मिरच्या वाळत घालायची जागा दरवर्षी त्या दोन महिने आधी बघून ठेवतात. एप्रिलमध्ये आमच्या भागात सगळ्यांच्याच मिरच्या बाहेर पडतात आणि खाली मसाला कुटायच्या डंखांपुढे रांगा लागतात, त्यामुळे आईंच्या हिशेबाने घाई काहीच नव्हती, उलट थोडा उशीरच झाला होता. खाली आल्या आणि म्हणाल्या, "गो सेक्रेटरी, तुझ्या त्या टाकयेर घारीन बिऱ्हाड केल्यान."

माझा विश्वास बसेना. घारी आम्हाला नव्या नाहीत. मासळीबाजारावर रोज दहा-बारा फिरत असतात, कोणी कोलंबी साफ करायला बसली की वरून लक्ष ठेवतात. पण घरटं म्हणजे झाडावर, अशी माझी कल्पना. मी वर गेले. गच्चीच्या दाराच्या फटीतून पाहिलं, तर टाकीच्या कोपऱ्यावर, जुन्या अँटेनाच्या खांबाला टेकून एक भलामोठा पसारा. काटक्या, केबलची वायर, कपड्यांचा हँगर, फरशी पुसायच्या मॉपच्या दोऱ्या, आणि गणपतीच्या मंडपाच्या झालरीचा एक जरीचा तुकडा. आणि त्या सगळ्यावर ती बसलेली. तपकिरी, मान वळवून माझ्याकडे बघत. रेशनच्या दुकानात फॉर्म अर्धवट भरून नेला की खिडकीतला माणूस बघतो ना, अगदी तसं.

मी हळूच दार लावून घेतलं. नंतर पक्ष्यांची मदत करणाऱ्या एका संस्थेचा नंबर शोधून फोन केला. तिकडच्या मुलीने शांतपणे समजावलं. अंडी असतील तर महिनाभर उबवणार, पिल्लं बाहेर आली की उडेपर्यंत दीड-दोन महिने. घरटं हलवायचं नाही, कायद्यानेही नाही.

मी बोटांवर मोजलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मोजणी मेच्या तोंडाशी येऊन थांबत होती. मिस्त्रीला कामाला पंधरा दिवस हवे होते. जमत होतं, पण माझ्या जुन्या ब्लाउजांसारखं, श्वास आत घेतला तरच.

मग मी ती नोटीस लावली.

माझं माहेर गिरगावातलं, शाळा इंग्रजी. मराठी मी घरी शिकले, बरीच रेटून शिकले, आणि लग्न होऊन मालवणी घरात आल्यावर उरलंसुरलं व्याकरणही सैल झालं. नोटीस मी हाताने, चांगल्या अक्षरात लिहिली आणि जिन्याखालच्या फळ्यावर टाचली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की गच्चीवर घाऱ्या आहेत. त्यांना कोणीही हात लावू नये. पुढील सूचनेपर्यंत गच्चीवर जाऊ नये. सेक्रेटरी.'

संध्याकाळी मी घरी येते तर आई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"गच्चीर घाऱ्यो कोणी ठेवल्यान?"

"अहो आई, तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"मी घार सांगितलंय. तू भोपळ्याच्यो घाऱ्यो लिवलंस!"

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. भोपळ्याच्या गोड घाऱ्या गच्चीवर मांडून ठेवल्यात आणि वर हात लावू नका म्हणतेय, म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे, अशा समजुतीने अर्धी बिल्डिंग वर जाऊन आली होती. कोणी म्हणालं पूजा असेल, कोणी म्हणालं सेक्रेटरीच्या घरी डोहाळजेवण असेल. माझं वय बावन्न. सगळ्यात पुढे कोण गेलं असेल, तर आमचे हे. यांना घाऱ्या जीव की प्राण, आणि सेक्रेटरीचा नवरा म्हणून पहिला मान आपला अशी त्यांची समजूत. गच्चीचं दार उघडून चार पावलं टाकली असतील नसतील, मागून टकलावर फाडकन नख बसलं.

मी घरात शिरले तेव्हा डोक्याला बँडेज लावून ते खुर्चीत बसले होते. टिटॅनसचं इंजेक्शनही झालं होतं.

"घाऱ्या कुठायत?" त्यांनी मला विचारलं. त्या आवाजातला जिव्हाळा त्यांनी लग्नानंतर माझ्यासाठी क्वचितच काढला असेल.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फळ्यावरच्या नोटिशीवर लाल पेनाने दुरुस्ती केलेली होती. मला जिन्यात अडवून त्यांनी तिथल्या तिथे तास घेतला.

"घार, अनेकवचन घारी. वेल, वेली. तसं. घाऱ्या खातात, घारी उडतात. लक्षात ठेवा."

"आणि एकच खाल्ली तर, सर?"

मास्तरांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "एक खाल्लीत तर ती घारी."

"म्हणजे घारी उडतात पण आणि घारी खातात पण?"

"वचन बघा ना, वचन!" असं म्हणत मास्तर आपल्या खोलीत गेले. दार जरा जोरात लागलं.

माझ्या या व्याकरणाने झालं काय, की जी गोष्ट चार जणांना ठाऊक असती ती सगळ्यांना झाली, आणि यांचं बँडेज बघून सगळ्यांची मतं बनली. मीटिंग बोलवावी लागली. जिन्यातच, प्रत्येक पायरीवर दोघं-दोघं. बांबूने खाली ढकला, असं एक मत. फटाके लावा, दुसरं. मिस्त्रीलाच सांगा, टाकीबरोबर फोडून टाकेल, कोणाला कळतंय, हे तिसरं. आणि खरं सांगायचं तर या तिसऱ्या मताकडे माझं मन ओढत होतं. काकूंना मी शब्द दिला होता. घारीला नाही.

काकू वरच्या पायरीवर बसल्या होत्या. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "गळतंय कोणाच्या डोक्यावर? माझ्या ना? मग मला कोणी विचारलंत?"

सगळ्यांच्या माना वरच्या पायरीकडे वळल्या.

"अंड्यांवर बसलीय ती. बाळंतीण आहे. बाळंतिणीला जागेवरून उठवत नाहीत. आमच्याकडे तरी नाही उठवत." एवढं बोलून त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पिल्लं उडेपर्यंत थांबू. मग करा काय करायचं ते."

त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये घार हा शब्दच बंद झाला. सगळे 'बाळंतीण' म्हणायला लागले. "बाळंतिणीने आज कोंबडीचा पाय आणला." "बाळंतिणीचा नवरा सकाळपासून दिसला नाही हो." दोघं दिसायला सारखेच, त्यामुळे नवरा कोणता हे कोणालाच सांगता यायचं नाही, पण उशिरा येतो तो नवरा असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. आईंनी मिरच्या आमच्या खिडकीच्या ग्रिलवर वाळत घातल्या. दोन महिने घरात सगळे शिंकत होते, पण गच्चीचं नाव आईंनी काढलं नाही.

मार्चमध्ये दोन पिल्लं आली. मी गच्चीच्या दारामागे, शेवटच्या पायरीवर बसून फटीतून बघायचे. सकाळी ऑफिसला जायच्या आधी दहा मिनिटं, रविवारी अर्धा तास. पांढरट कापसाचे गोळे, डोकं डुगडुगणारे. आई उंदीर आणायची, फाडून एकेक तुकडा चोचीने भरवायची. मोठं पिल्लू पुढे घुसून खायचं, धाकट्याला उरलंसुरलं. मला सारखं वाटायचं, अगं, त्याला पण दे की. ती काही ऐकत नव्हती. सेक्रेटरीचं कोणीच ऐकत नाही. एप्रिलच्या मध्यात एक दिवस धाकटं दिसेना. मी दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी बघितलं. घरट्यात एकच होतं. कावळ्यांनी नेलं की आणखी काही झालं, कळलं नाही. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले आणि साहेबांना कारण काय सांगावं ते सुचलं नाही.

याच सुमारास काकूंची लेक आली. आठवा महिना. भरलेलं पोट सांभाळत एकेका मजल्यावर थांबत ती चार मजले चढली, आणि मी खालून तिच्याकडे बघत होते तेव्हा मला पोट दिसत नव्हतं, छत दिसत होतं.

मिस्त्रीचे फोन सुरू झाले. "मॅडम, मेच्या मध्यावर मी गावाला जाणार. लग्न आहे घरात. त्याच्या आधी काम उरकलं तर उरकलं, नाहीतर मग पावसानंतर." एकदा तो वर जाऊनही आला होता आणि टोपी वाचवून परतला होता. "मी कोबा करायला येतो मॅडम, डोकं फोडून घ्यायला नाही." त्याने एप्रिलचा शेवटचा सोमवार दिला. त्या सोमवारी काम सुरू झालं तर खोली वेळेत कोरडी, नाहीतर नाही.

उरलेलं पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं. अंगावर तपकिरी पिसं, त्यांवर फिकट ठिपके. टाकीच्या कडेला उभं राहून पंख फडफडवायचं, फडफडवायचं, आणि मग घट्ट मिटून बसायचं. माझ्या ड्रायव्हिंग शिकण्याची मला आठवण यायची. मी सहा महिने गाडी सुरू करायचे आणि बंद करायचे. फटीतून मी हळू आवाजात म्हणायचे, "अरे उड की बाबा. सोमवार आला." ते माझ्याकडे न बघता शी करायचं.

शनिवारी सकाळी खालून ओरडा झाला. मी गेले तर पाण्याच्या पंपामागे, भिंतीच्या कोपऱ्यात ते बसलं होतं. वरून उडायला गेलं असणार, मधल्या पत्र्यावर आपटून खाली आलं असणार. एक पंख थोडा लोंबत होता, डोळे मोठे काळे, तोंड उघडं. वर आकाशात दोघं घिरट्या घालत किंचाळत होते. आणि नेमका मिस्त्री समोर उभा. सोमवारचं सामान ठेवायला आला होता.

"मॅडम, सुटलात!" तो म्हणाला. "घरटं मोकळं झालं. सोमवार कशाला, आजच टाकी फोडायला घेतो."

मी संस्थेला फोन लावला. फोटो पाठवला, पंख कसा दिसतोय ते सांगितलं. तिकडची मुलगी म्हणाली, पंख मोडलेला दिसत नाही, दमलंय फक्त. टोपलीत घालून परत वर, घरट्याजवळ ठेवा. आई-बाप भरवतील. आठ-दहा दिवसांत उडेल. खाली ठेवलंत तर कुत्रं-मांजर घेईल.

मी फोन ठेवला. आणि ती जे म्हणाली ते मी लगेच कोणाला सांगितलं नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. दोन मिनिटं, कदाचित जास्तच, मी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिले. पिल्लाला पक्ष्यांच्या दवाखान्यात पाठवून दिलं तर कोणी मला दोष दिला नसता. काम आज सुरू झालं असतं. पंधरा दिवसांत काकूंची खोली कोरडी. माझा शब्द खरा. फक्त पिल्लाला परत आई मिळाली नसती.

काकू लेकीला घेऊन खाली आल्या होत्या. "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. सगळं, आठ-दहा दिवसांसकट.

काकूंनी मिस्त्रीला विचारलं, "आज सुरू केलंत तर बाळाच्या आधी होईल?"

"होईल ना काकू. शंभर टक्के."

"आणि दहा दिवसांनी?"

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली. काकू पिल्लाकडे बघत राहिल्या, मग लेकीच्या पोटाकडे. आणि पाठ फिरवून जिना चढू लागल्या. मला वाटलं, रागावल्या. रागावायलाच हव्या होत्या. चार मजल्यांच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना किती लागतात हे मला ठाऊक आहे, म्हणून मी तशीच उभी राहून ऐकत होते. पावलं वर गेली. थांबली. परत खाली यायला लागली.

त्यांच्या हातात भाजीची टोपली होती, आणि धुवून मऊ झालेलं जुनं लुगडं. "हे बाळासाठी दुपटी करायला काढलं होतं," त्या म्हणाल्या. "अर्धं घे. नख लागेल हाताला."

मी यांचं हेल्मेट घातलं. पिल्लावर लुगडं टाकलं, दोन्ही हातांनी उचललं. वजन इतकं हलकं की मी दचकले. लुगड्यातून त्याचं काळीज धडधडत होतं. टोपलीत घातलं आणि चढले. मागे हे, उघडी छत्री धरून, सगळ्या बाजूंनी सल्ले देत. गच्चीच्या दारातून बाहेर पडल्यावर हेल्मेटवर दोनदा काहीतरी जबरदस्त आपटलं. पहिल्यांदा मी खाली बसले, दुसऱ्यांदा ओरडले. पण टोपली टाकीच्या कडेला टेकवली, लुगडं ओढून घेतलं, आणि पळत सुटले. यांची छत्री गच्चीवरच राहिली.

मिस्त्री सामान परत टेम्पोत भरत होता. "दिवाळीला भेटू, मॅडम," एवढंच म्हणाला. रागावला नव्हता. मला वाटतं, थोडा खूशच होता. लग्नाला वेळेवर जायला मिळणार होतं.

पिल्लू बाराव्या दिवशी उडालं. उडताना कोणीच पाहिलं नाही. मी अकरा दिवस फटीला डोळा लावून होते आणि बाराव्या दिवशी ऑफिसात होते. संध्याकाळी वर गेले तर टाकीवर काटक्या, हँगर आणि वाऱ्यावर हलणारी जरीची झालर. समोरच्या टॉवरच्या क्रेनवर तिघं बसलेले दिसले, त्यांतलं एक सारखं ओरडत होतं. तेच असावं.

टाकीवर आम्ही ताडपत्री घातली, दगड ठेवले, दोरीने बांधली. जूनमध्ये काकूंच्या खोलीत दोन जागी गळलं. एक जागा जुनी, एक नवी. पलंगाची जागा बदलून बघितली, पण दीड खोलीत पलंग जाणार कुठे?

मी काकूंना म्हटलं, आमच्या आतल्या खोलीत आणा तिला. दुसरा मजला, छत एकदम पक्कं.

काकू ऐकेनात. "पहिलं बाळंतपण. माहेरपण काय दुसऱ्याच्या घरात करतात? लोक काय म्हणतील? जावई काय म्हणेल?"

"काकू, चूक माझी आहे. मी शब्द दिला होता."

"चूक कसली? टोपली मी आणली ना?"

आम्ही दोघींनी असं किती वेळ चालवलं असतं कोण जाणे. आतून आई आल्या, मिरचीपुडीचे हात पुसत. "गो, तिचा माहेर वरच रवांदे. चार घास जेवूक वर जावंदे, निजाक खाली येवंदे. चार जिने चढला-उतारला तर लवकर बाळंत होतली." मग माझ्याकडे वळून, "आणि तुमी दोघां भायेर निजा. घोरणं बाळाक नको."

पलंग खाली आणला. चार मजले, वळणावर दोनदा अडकला, मास्तरांनी तळमजल्यावरून सूचना दिल्या, त्या कोणी ऐकल्या नाहीत. मुलगी झाली. आमच्या आतल्या खोलीत आता दुपटी, तेलाच्या वाट्या, शेगडी, आणि ओव्याच्या धुरीचा वास. मी आणि हे हॉलमध्ये, शू रॅकच्या शेजारी. माझ्याच घरात मला दिवसातून दहादा 'हळू बोल' सांगितलं जातं, आणि ऑफिसला जाताना साडी मला स्वयंपाकघरात नेसावी लागते.

काकू रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालायला खाली येतात. आल्या की आधी लेकीला थोडं सरकायला सांगतात आणि गादीखाली हात घालून सगळीकडून चाचपून बघतात.

"इथे नाही हो गळत काकू," मी दारातून म्हणते.

"ठाऊक आहे गं मला," त्या म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूनेही हात घालून बघतात.